नाव काढून वाचा

हिब्रूत 'पार्शान' हा शब्द दोन प्रकारच्या माणसांसाठी वापरतात. एक म्हणजे राशींसारखा भाष्यकार, तोरातील पासूकचा अर्थ उलगडून सांगणारा. दुसरा म्हणजे संध्याकाळच्या बातम्यांत टीव्हीवर बसून सरकार, विरोधी पक्ष आणि न्यायालय यांच्यावर बोलणारा. शब्द एकच, पण कामाची रीत उलटी. राशी आधी पासूक जसा लिहिला आहे तसा वाचतात, त्याचा साधा अर्थ सांगतात, आणि एखाद्या ठिकाणी अर्थ लागला नाही तर आपल्याला कळले नाही असे सरळ लिहून मोकळे होतात. टीव्हीवरच्या पार्शानला न कळलेले असे काही नसते. समोरचा माणूस काय म्हणाला हे नीट सांगण्याआधीच तो तसे का म्हणाला हे त्याला ठाऊक असते. आणि ते 'का' हल्ली एकाच शब्दात आटोपते : गिझानुत. म्हणजे वंशद्वेष, जातीय आकस, दुसऱ्याला हीन लेखणे.

कायदा कोणताही असो, न्यायाधीश कसे नेमावेत हा प्रश्न असो, सैन्यभरती असो की शाळांचे अनुदान असो, चर्चा दहा मिनिटांत तिथेच येऊन थांबते. एक म्हणतो, तुमचा विरोध कायद्याला नाही, आमच्या समाजाला आहे. दुसरा म्हणतो, तुमचा पाठिंबा कायद्याला नाही, आमच्याविषयीच्या द्वेषाला आहे. मग मूळ कायद्यात काय लिहिले आहे ते कोणी सांगत नाही आणि पाहणाऱ्यालाही विचारायचे सुचत नाही. आपल्याकडे म्हणतात तसे, उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आम्हाला येथे कोणत्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. आपले वाचक निरनिराळ्या पक्षांना मत देतात, एका घरात दोन पक्षही असतात. आम्हाला बोलायचे आहे ते या सवयीविषयी. आणि तिच्याविषयी बोलण्याचा बेने इस्राएल समाजाला थोडा अधिक अधिकार आहे, कारण खरा भेदभाव कसा दिसतो हे आपण कागदावर, सहीशिक्क्यासह पाहिलेले आहे.

ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना तपशील सांगायला नको, पण नातवंडांसाठी सांगतो. ऑक्टोबर १९६१ मध्ये चीफ रब्बानूतच्या कौन्सिलने ठरवले की बेने इस्राएलांशी विवाह करण्यास हरकत नाही. इथपर्यंत ठीक होते. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये लग्नाची नोंद करणाऱ्या रब्बींना सूचना पाठवण्यात आल्या. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी नोंदणीला आली तर आई, आईची आई, तिची आई असे जमेल तितके मागे जाऊन त्या यहुदी होत्या का ते तपासावे; आईवडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कोणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झाले होते का तेही विचारावे. सूचनेत आपल्या समाजाचे नाव होते. पोलंडहून आलेल्याला, मोरोक्कोहून आलेल्याला किंवा इराकहून आलेल्याला त्याचे नाव घेऊन काढलेला असा कागद नव्हता.

या सूचनांमागे रब्बींचे एक कारण होते, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोकणात आपले पूर्वज कित्येक शतके रब्बींवाचून राहिले. तेव्हा घटस्फोटाचा 'गेत' हलाखाप्रमाणे लिहिला गेला असेल का, अशी त्यांची शंका होती. हलाखाच्या दृष्टीने हा लहान प्रश्न नाही. त्या वेळचे सफारदी चीफ रब्बी इत्झाक निसीम हे मूळचे बगदादचे, त्यामुळे हा वाद अश्कनाझी विरुद्ध पूर्वेकडचे यहुदी अशा साच्यातही बसत नव्हता. आजचे टीव्हीवाले त्या वेळी असते तर त्यांची मोठी पंचाईत झाली असती.

मग आपल्या समाजाची तक्रार काय होती? हलाखा पाळू नका असे आपण म्हटले नाही. आपण म्हटले, शंका विचारायची तर सर्वांना विचारा, आम्हाला एकट्यांना नाव घेऊन बाजूला काढू नका. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून आपली माणसे यरुशलेमला जमली आणि धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेतची खास बैठक झाली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत, इतर यहुद्यांत आणि त्यांच्यात कोणताही फरक नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बानूतने सूचनेतून आपले नाव काढले. त्या जागी सर्वसाधारण शब्द आले : ज्याच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी व्हावी.

या हकीकतीत भेदभाव ओळखण्याची एक साधी कसोटी दडलेली आहे. नियमातून किंवा युक्तिवादातून समाजाचे नाव काढून टाका आणि पुन्हा वाचा. नाव काढल्यावरही मुद्दा उभा राहत असेल तर तो धोरणाचा मुद्दा आहे, त्याला मुद्द्यानेच उत्तर द्यावे लागेल. नाव काढल्यावर काहीच उरत नसेल तर तो आकस आहे, आणि त्याला आकस म्हणण्यात संकोच नको.

ही कसोटी एकटी पुरत नाही, हेही आपल्याच इतिहासाने शिकवले. नाव गेले म्हणून सवय लगेच गेली नाही. 'ज्याच्याविषयी शंका असेल असा कोणीही' हे शब्द सर्वांसाठी असतात, पण शंका नेहमी त्याच चेहऱ्यांविषयी येत असेल तर नियम सर्वांसाठी आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो : कागदावर नाव नसले तरी दारावर प्रत्यक्षात कोण अडवला जातो? मात्र या प्रश्नाचे उत्तर मोजून आणि पुरावा दाखवून द्यायचे असते. दुसऱ्याच्या मनात डोकावून ते देता येत नाही.

हे दोन प्रश्न हातात घेऊन या देशातले काही प्रसंग पाहू.

जून १९८१ ची निवडणूक पुष्कळांना आठवत असेल. मतदानाच्या तीन दिवस आधी, २७ जूनच्या रात्री, तेल अवीवच्या चौकात माराखच्या सभेत विनोदी नट दुदू तोपाझ यांनी लिकुदच्या मतदारांना 'चाखचाखिम' म्हणून हिणवले, आणि ते सैन्यात पहाऱ्यावर उभे राहण्यापलीकडे कामाचे नाहीत अशा अर्थाचे बोलले. पूर्वेकडून आलेल्या यहुद्यांना उद्देशून हा शब्द होता, हे सर्वांना कळले. दुसऱ्याच दिवशी मेनाखेम बेगीन यांनी त्याच चौकात त्याला उत्तर दिले. ३० जूनला लिकुदला ४८ आणि माराखला ४७ जागा मिळाल्या. तोपाझ यांच्या त्या वाक्यांतून समाजाचे नाव काढून पाहा. कर नाही, घरबांधणी नाही, शांतता करार नाही. काहीही उरत नाही. तो आकसच होता, आणि बेगीन यांनी त्याला आकस म्हटले ते योग्यच होते.

जानेवारी १९९६ मध्ये उघडकीस आले की इथिओपियाहून आलेल्या यहुद्यांनी दिलेले रक्त रक्तपेढीत घेतले जात होते आणि त्यांना न सांगता फेकून दिले जात होते. अधिकाऱ्यांकडे कारण होते, एड्सच्या संसर्गाची भीती. रक्त सुरक्षित असावे यात कोणाचे दुमत असणार? पण नाव काढून वाचले तर नियम असा व्हायला हवा होता : प्रत्येक रक्तदात्याला सारखेच प्रश्न, प्रत्येक बाटलीची सारखीच तपासणी. तसे न करता एका संपूर्ण समाजाचे रक्त बाजूला काढले, आणि तेही गुपचूप. कारण वैद्यकीय असेल, पण ते त्या लोकांना तोंडावर सांगायची हिंमत कोणाला झाली नाही, यातच सगळे आले. हजारो लोक पंतप्रधानांच्या कचेरीसमोर उतरले. पुढे माजी राष्ट्रपती इत्झाक नावोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

तिसरा प्रसंग इम्मानुएल गावातील मुलींच्या शाळेचा. २००७ साली तेथे हसिदी मुलींचा वेगळा विभाग निघाला. पालकांचे म्हणणे होते की हा भेद वंशाचा नसून धार्मिक शिस्तीचा आहे. आमच्या विभागात काही सफारदी मुलीही आहेत. हे म्हणणे पहिल्या कसोटीला उतरण्यासारखे होते. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागला. शाळेत भिंत घातलेली होती, पटांगणात कुंपण होते. सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व पाहिले, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि २००९ साली हा भेदभाव आहे असा निकाल दिला. तो निकाल सर्वांना पटला नाही. २०१० च्या जूनमध्ये यरुशलेममध्ये प्रचंड मोर्चा निघाला. पण आरोप करण्याची रीत बरोबर होती. भिंत कोठे आहे ते दाखवले, कुंपण कोठे आहे ते दाखवले, आणि मग तो शब्द उच्चारला.

आता २०२३ सालाकडे येऊ. त्या वर्षी न्यायव्यवस्थेतील बदलांवरून देशात जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले. काहींच्या घरात शब्बातच्या जेवणाला तो विषय काढायचा नाही असे ठरवावे लागले. २४ जुलैला क्नेसेतने ६४ विरुद्ध शून्य मतांनी 'वाजवीपणा'चा कायदा मंजूर केला. विरोधक मतदानाला थांबलेच नाहीत. मंत्र्याचा निर्णय अगदीच अवाजवी आहे म्हणून तो रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार या कायद्याने काढून घेतला. १ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ७ मतांनी तो कायदाच रद्द केला.

या प्रश्नातून समाजांची नावे काढून पाहा. बाजू घेणारा म्हणेल : मंत्र्याला लोकांनी निवडले आहे, न्यायाधीशाला नाही; वाजवी काय आणि अवाजवी काय हे न्यायाधीशाने आपल्या मतीने का ठरवावे? विरोध करणारा म्हणेल : आपल्याकडे लिखित संपूर्ण संविधान नाही, दुसरे सभागृह नाही, १२० जणांची एकच क्नेसेत आहे आणि तिच्यात बहुमत सरकारचेच, न्यायालयाने अडवायचे नाही तर मंत्र्याला अडवणार कोण? दोन्ही युक्तिवाद वजनदार आहेत. पंधरा न्यायाधीश बसले आणि निकाल एका मताने लागला, यावरूनच प्रश्न किती अवघड होता ते दिसते. यांपैकी एकाही युक्तिवादाला कोणाचे आजोबा काझाब्लांकाचे होते की वॉर्साचे, हे माहीत असण्याची गरज नाही.

पण टीव्हीवर काय ऐकले? एका बाजूचे पार्शान म्हणाले, रस्त्यावर उतरलेले लोक लोकशाहीसाठी आलेले नाहीत. सत्ता हातातून निसटते म्हणून चिडलेले हे जुने अश्कनाझी आहेत, त्यांना आमच्यासारखे लोक राज्य करताना बघवत नाहीत. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, बदलांना पाठिंबा देणाऱ्यांना कायदा कळतच नाही, ती नेत्यामागे जाणारी अडाणी झुंड आहे. दोघांनीही कायद्याचे उत्तर दिले नाही. दोघांनी माणसांची वर्गवारी केली. आणि पहिल्यांचा आरोप खरा वाटावा याची सोय दुसऱ्यांनीच करून दिली.

सर्वोच्च न्यायालयात पूर्वेकडील समाजांचे न्यायाधीश इतकी वर्षे थोडे का, हा प्रश्न विचारायलाच हवा, असे आम्ही म्हणतो. तो दारावरचा प्रश्न आहे. नावे आणि आकडे मांडून विचारा, उत्तर मागा. परंतु 'या कायद्याला विरोध करणारा प्रत्येक जण पूर्वेकडच्यांना तुच्छ लेखतो' हे वेगळे विधान आहे. पहिला प्रश्न न्याय मागतो. दुसरे विधान समोरच्याचे तोंड बंद करते.

येशिवातील विद्यार्थ्यांच्या सैन्यभरतीचेही तेच. १९४८ मध्ये बेन गुरियन यांनी ४०० विद्यार्थ्यांना सूट दिली. तो आकडा वाढत वाढत कित्येक हजारांवर गेला, आणि २५ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की कायद्यावाचून ही सूट चालू ठेवता येणार नाही. आता ज्याचा नातू राखीव सैन्यात शेकडो दिवस काढून आला आहे त्याने ओझे सर्वांनी उचलावे म्हटले, तर त्याला यहुदीद्वेष्टा म्हणायचे? आणि तोरा शिकणेही या राष्ट्राचे रक्षण आहे असे जो मनापासून मानतो त्याला बांडगूळ म्हणायचे? पहिल्याची चिंता मुलाच्या जिवाची आहे, दुसऱ्याची मुलाच्या श्रद्धेची. दोघांचे म्हणणे नावे न घेता मांडता येते. म्हणजे येथे वाद धोरणाचा आहे. शिवी दोन्हीकडून पळवाट म्हणून येते.

ही पळवाट कशी काढली जाते हेही पाहून ठेवावे. विरोधकांच्या लाखभर गर्दीतून सर्वांत वाईट बोललेला एक माणूस शोधायचा आणि तोच सर्वांचा चेहरा म्हणून रात्रभर दाखवायचा. आपल्या बाजूचा कोणी तसेच बोलला तर तो विनोद होता म्हणायचे. आणि समोरच्याने मुद्दा मांडला की मुद्द्याला हात न लावता 'हे तुम्ही कोणत्या गावात राहून बोलता' असे विचारायचे. या तीन गोष्टी ऐकू आल्या की समजावे, पार्शानजवळ उत्तर नाही.

देशाबाहेरही हाच नियम लावला पाहिजे. परदेशातील एखादा मंत्री इस्राएल सरकारच्या एखाद्या निर्णयाविरुद्ध बोलला की आपल्याकडचे काही जण लगेच यहुदीद्वेषाचा आरोप करतात. कधी तो खरा असतो. सर्व देशांना एक माप आणि आपल्याला दुसरे, असे दिसले तर तसे म्हणावेच. पण आपल्याच क्नेसेतमध्ये अर्धे सभासद जी टीका करतात ती परक्याने केली एवढ्यावरून तो द्वेष ठरत नाही. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शब्बातच्या सकाळी अकरा जणांना ठार मारले गेले. त्या कृत्यासाठी जो शब्द लागतो तो झिजलेला असून चालणार नाही.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. तिच्यातले नुकसान ओरडणाऱ्या मुलाचे झाले. येथे तसे होत नाही. स्टुडिओत ओरडणाऱ्याला दुसऱ्या रात्री पुन्हा बोलावणे येते. नुकसान होते ते ज्याच्या दारात खरोखर लांडगा येईल त्याचे : रंगावरून पोलिसाने थांबवलेल्या इथिओपियन मुलाचे, आडनाव ऐकून नोकरी नाकारलेल्याचे, आणि उद्या कदाचित आपल्याच नातीचे. ती तक्रार घेऊन जाईल तेव्हा ऐकणारा कंटाळलेला असेल. 'गिझानुत? पुन्हा तेच' म्हणेल. १९६४ साली आपला शब्द ताजा होता. आपण तो रोज वापरत नव्हतो. म्हणूनच आपली माणसे यरुशलेमला जाऊन बसली तेव्हा क्नेसेतला सुट्टीतून बोलावावे लागले.

आपल्या धर्मात निर्दोष माणसाच्या हेतूविषयी संशय घेण्याला 'खोशेद बिख्शेरिम' म्हणतात आणि ते पाप मानले आहे. मोशे रब्बेनू म्हणाले की लोक आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, तेव्हा त्यांचा हात बर्फासारखा पांढरा झाला. आपल्या हाखामीम मंडळींनी त्याचे कारण हेच सांगितले : ज्यांनी अजून काही केलेच नव्हते त्यांच्याविषयी आधीच वाईट धरले. मोशेंसारख्याला ही सूट नाही, तर टीव्हीवरच्या पार्शानला कोठून असणार?

हिल्लेल आणि शम्माई यांच्या घराण्यांची गोष्ट तर आपल्याला जवळची वाटावी. त्यांचे मतभेद लहानसहान नव्हते. कोणाचे लग्न ग्राह्य आणि कोणाची संतती ग्राह्य, इथपर्यंत ते गेले होते. तरीही मिश्ना सांगते की त्यांनी एकमेकांच्या घरात मुली देणे-घेणे सोडले नाही. मत वेगळे, पण माणूस बाद नाही. लग्नाच्या प्रश्नावर ज्या समाजाला बाद करू पाहिले गेले त्या आपल्या समाजाला याची किंमत दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको. ज्याचे जळते त्याला कळते.

म्हणून वडीलधाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे. घरात मुले-नातवंडे टीव्ही पाहून एकमेकांवर तोच शब्द फेकू लागली तर त्यांना दोन प्रश्न विचारा. नाव काढून टाकले तर काय उरते? आणि दारावर प्रत्यक्षात कोण अडवला गेला, दाखव पाहू? पहिल्याचे उत्तर 'काहीच उरत नाही' असे आले, किंवा दुसऱ्याचे उत्तर पुराव्यासह आले, तर नातवंडांबरोबर तुम्हीही मोर्चात जा. आपल्या समाजाला ते नवीन नाही. नाही तर त्यांना सांगा, बाळांनो, आधी त्या कायद्यात काय लिहिले आहे ते वाचा आणि मग भांडा.